बांधणीचा आराखडा : विमानविद्येच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन

विमानविद्येचा इतिहास लिहिणारा अभ्यासक सामान्यतः सरकारी दप्तरे, वृत्तपत्रांतील वार्ता आणि प्रत्यक्षदर्शींच्या आठवणी या साधनांवर विसंबतो. याखेरीज आणखी एक साधन आहे. त्याचा उपयोग मात्र क्वचितच केला जातो. ते साधन म्हणजे विमानाच्या बांधणीचा आराखडा. बखरीतील एखादे विधान पडताळून पाहावयाचे तर दुसरी बखर किंवा एखादे अस्सल पत्र हाती असावे लागते. आराखड्याचे तसे नाही. त्यावरून लहान प्रमाणात विमान बांधता येते, ते हवेत सोडता येते, आणि ते एक तर उडते किंवा पडते. बिनतारी यंत्राने चालणाऱ्या युद्धविमानांच्या प्रतिकृती छंद म्हणून बांधणाऱ्या मंडळींस ही गोष्ट पुरती ठाऊक असते. इतिहासकाराच्या दृष्टीने तिचे मोल काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

मुंबईशी निगडित असलेल्या दोन विमानांच्या संदर्भात हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्यांपैकी एक म्हणजे मुंबईकरांच्या वर्गणीतून १९४१ साली भारतीय वायुदलाला मिळालेले ‘लायसँडर’. दुसरे म्हणजे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर उडविले असे सांगितले जाणारे मनुष्यरहित विमान. पहिल्याचे आराखडे उपलब्ध असून त्यावरून आजही प्रतिकृती बांधली व उडविली जाते. दुसऱ्याची कीर्ती पहिल्याहून कितीतरी अधिक आहे. पण त्याचा आराखडा नाही.

भारतीय वायुदलाची स्थापना १९३२ साली झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळील ड्रिग रोड येथे त्याची पहिली तुकडी उभी राहिली. आरंभीची काही वर्षे ‘वापिती’सारख्या जुनाट द्विपंखी विमानांवर काढल्यानंतर १९४१ साली या तुकडीस लायसँडर विमाने मिळाली. ‘बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंड’ या मुंबईच्या युद्धनिधीतून बारा विमाने तुकडीला भेट देण्यात आली. लायसँडर हे झुंजीचे विमान नव्हते. शत्रूची टेहळणी करणे, तोफखान्यास खुणा देणे, आखूड मैदानावर उतरून निरोप पोहोचविणे अशा भूसैन्याच्या मदतीच्या कामांसाठी ते योजिलेले होते. तथापि फेब्रुवारी १९४२ मध्ये करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशात गेलेल्या या तुकडीने त्याच मंदगती विमानांना बॉम्ब बांधून सयामच्या हद्दीतील जपानी विमानतळावर हल्ले चढविले. या विमानाचा अभिकल्पक पेटर याने पुढे ‘कॅनबेरा’ व ‘नॅट’ ही विमाने रेखाटली. ती दोन्ही १९६५ च्या युद्धात भारतीय वायुदलाने वापरली, हा योगायोग जाता जाता नमूद करण्यासारखा आहे.

लायसँडरच्या रूपाविषयी एक लोकप्रिय आणि एक उपयुक्त असे दोन प्रकारचे चित्र मिळते. पहिले त्रिदर्शनी रेखाचित्र होय. त्यात विमान वरून, बाजूने आणि समोरून कसे दिसते एवढेच दाखविलेले असते. खांद्यावर ठेवल्यासारखे उंच पंख, त्यांना खालून दिलेला तिरपा आधार, आणि चाकांवर चढविलेली थेंबाच्या आकाराची आवरणे हे सर्व त्यात येते. परंतु एवढ्यावरून विमान बांधता येत नाही. दुसरे चित्र म्हणजे बांधणीचा आराखडा. पंखाची प्रत्येक फासळी कोणत्या वळणाची आहे, पंख धडाशी किती अंशांचा कोन करतो, लाकूड कोठे किती जाडीचे हवे, इंजिनाचा आस किती खाली झुकवावयाचा, आणि मुख्य म्हणजे तयार विमानाचा गुरुत्वमध्य कोठे पडला पाहिजे, हे त्यात सांगितलेले असते. या दोहोंतील भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पुढील विवेचन सारे त्याच भेदावर उभे आहे.

आता आकड्यांकडे वळता येईल. खऱ्या लायसँडरच्या पंखांचा पल्ला १५.२४ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस मीटर आणि पूर्ण भारासह वजन सुमारे २,८७० किलोग्रॅम. प्रतिकृती एक-अष्टमांश प्रमाणात करावयाची ठरविली, तर पल्ला १.९ मीटर होतो. क्षेत्रफळ मात्र आठव्या भागाइतके न राहता चौसष्टाव्या भागावर येते, म्हणजे ०.३८ चौरस मीटर. आणि वजन, प्रमाण काटेकोर पाळावयाचे तर, पाचशेबाराव्या भागावर, म्हणजे ५.६ किलोग्रॅमवर आले पाहिजे. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर खऱ्या विमानात सुमारे ११९ किलोग्रॅम भार असतो, तर प्रतिकृतीत सुमारे १५. परिणामी खरे विमान ताशी सुमारे १०४ किलोमीटरच्या खाली हवेत टिकत नाही, तर प्रतिकृती हिशेबाप्रमाणे ताशी ३७ किलोमीटरपर्यंत टिकावी.

ती तशी टिकत नाही. लाकूड, कापड आणि वजन ही सर्व प्रमाणात लहान करता येतात. हवा लहान करता येत नाही. अरुंद पंखावरून मंद वेगाने जाणाऱ्या हवेस ती अधिक चिकट असल्यासारखी वाटते, आणि मोठ्या विमानाच्या पंखाची हुबेहूब नक्कल केली तर लहान पंखावरील प्रवाह लवकर सुटतो व पंख एकाएकी आधार सोडतो. यास्तव जाणता आराखडाकार पंखाचा छेद बदलतो, शेपटीचे क्षेत्रफळ किंचित वाढवितो, आणि विमान हिशेबाच्या वजनाहून हलके राखतो. लायसँडरच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. मूळ विमानात शेपटीचा आडवा भाग वैमानिकास चाक फिरवून वरखाली कलविता येई. उतरण्यासाठी तो एका टोकास नेलेला असताना उतरणे रहित करून इंजिन एकदम जोरात चालविले, तर नाक वर उसळून विमान हातचे जाई. प्रतिकृतीत बहुधा तो भाग पक्का बसवितात. म्हणजे मूळ विमानातील दोषही आराखड्यात सोडवलेल्या प्रश्नाच्या रूपाने नोंदलेला राहतो. इतिहासकाराच्या दृष्टीने हे विशेष आहे.

बांधणीचे काम धीराचे असते. सपाट फळीवर आराखडा पसरून त्यावर पातळ पारदर्शक कागद घालतात, म्हणजे सरस नकाशास चिकटत नाही. त्यावर टाचण्यांनी लांब पट्ट्या रोवून बाल्सा लाकडाच्या फासळ्या एकामागून एक उभ्या करतात. लायसँडरचा पंख आधाराच्या जागी सर्वांत रुंद असून तेथून धडाकडे आणि टोकाकडे अशा दोन्ही अंगांनी निमुळता होत जातो. त्यामुळे सरळ पंखाच्या विमानात एकच फासळी पुनःपुन्हा कापून जसे भागते, तसे येथे भागत नाही. जवळजवळ प्रत्येक फासळी निराळी. धडासाठी प्लायवुडच्या चौकटी अंतराअंतराने उभ्या करून त्यांवरून लांब काड्या ओढतात; चाकांचे पाय पोलादी तारेचे किंवा ड्युरल्युमिनच्या पत्र्याचे करतात. मग सगळ्यावर आवरण चढते. पूर्वी टिश्यू कागद किंवा रेशीम ताणून त्यावर डोप लावीत. हल्ली इस्त्रीने चिकटणारी पातळ फिल्म पुष्कळदा वापरली जाते. शेवटची परीक्षा दोन बोटांची. आराखड्यावर खूण केलेल्या जागी, म्हणजे साधारणतः पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून पाव ते एक-तृतीयांश अंतरावर, दोन्ही पंखांखाली बोटे टेकवून विमान उचलतात. ते समतोल राहिले किंवा नाक किंचित खाली झुकले तर ठीक. शेपूट खाली गेली तर नाकात शिसे घालणे भाग पडते. आखूड नाकाच्या युद्धविमानांत ते बहुधा घालावे लागतेच, आणि महिनोन्‌महिने लाकूड तासून वाचविलेले वजन एका घटकेत परत येते!

दूरनियंत्रणाचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे पुरेसे होईल. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात अदृश्य विद्युत्‌लहरींच्या साह्याने दूर ठेवलेली घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखविली. १८९८ साली निकोला टेस्ला याने न्यूयॉर्क येथे बिनतारी चालणारी लहान नौका दाखविली व तिचे एकस्व मिळविले. ब्रिटिशांनी १९३५ साली ‘क्वीन बी’ हे वैमानिकाशिवाय उडणारे विमान तोफांच्या नेमबाजीचे लक्ष्य म्हणून वापरात आणले. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी त्याच दशकाच्या उत्तरार्धात ‘गफ’ नावाची बिनतारी प्रतिकृती यशस्वीपणे उडविली. हिंदुस्थानात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये असे यंत्र परवान्याविना बाळगता येत नसे, आणि पुष्कळ काळ हा छंद तारेच्या दोरीवर फिरविण्याच्या विमानांपुरता राहण्याचे ते एक कारण होय. २००५ साली २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील अल्पशक्तीची उपकरणे परवान्यातून मुक्त झाली. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेचा आरंभ १९५० साली मुंबई व कलकत्ता येथील तुकड्यांनी झाला. तिच्या शिक्षणक्रमात प्रतिकृती-विमानांस स्थान मिळाल्याने अनेक विद्यार्थ्यांचा आराखड्याशी पहिला परिचय तेथेच घडला.

पाच किलोग्रॅमच्या आसपासचे असे विमान उडवावयास मोकळे रान लागते. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीच्या आसपास तानसा नदीच्या खोऱ्यात भातकापणीनंतर जशी शेते उघडी पडतात, तशी जागा या कामास उत्तम; मात्र बांध चुकवून एखादा पट्टा सपाट करून घ्यावा लागतो, कारण लायसँडरच्या चाकांवरील आवरणांत भाताचे खुंट अडकतात आणि विमान नाकावर आपटते. सकाळी वारा पडलेला असतो, तोच वेळ योग्य. मंदिर, अकलोलीची उष्ण कुंडे व यात्रेकरूंची वर्दळ यांपासून दूर राहणे हे ओघानेच आले. २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५ किलोग्रॅमपर्यंतच्या आणि दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा निराळा वर्ग मानला असून खुल्या ठरविलेल्या हवाई क्षेत्रात ४०० फुटांची मर्यादा घातली आहे. वज्रेश्वरीचे नाव घेतल्यावर सहज सुचणारी गोष्ट म्हणजे तेथील मंदिर १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांनी केलेल्या नवसाचे म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याचा नगारखाना वसई किल्ल्याच्या दरवाजाच्या मापाचा असल्याचे सांगतात. हे विधान खरे असो वा नसो, ते फीत लावून तपासता येते. दरवाजाही उभा आहे आणि नगारखानाही.

तळपदे यांच्या विमानाविषयी अशी फीत कोठे लावावयाची, ही खरी अडचण आहे. शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) हे मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील गृहस्थ. जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता. संस्कृतचा आणि दयानंद सरस्वतींच्या वेदभाष्याचा त्यांना ओढा होता, आणि वेदांत विमानविद्या असावी या समजुतीने ते तिच्या शोधात होते. येथवर शंका घेण्याचे कारण नाही. पुढील कथा अशी : १८९५ साली चौपाटीवर न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव गायकवाड यांच्यासमक्ष ‘मरुत्सखा’ नावाचे विमान माणसाविना १,५०० फूट उंच गेले व खाली आले, ते पाऱ्याच्या शक्तीवर चालत होते, आणि ही वार्ता ‘केसरी’ने छापली.

या कथेस समकालीन विश्वसनीय पुरावा नाही. ‘केसरी’ हे दैनिक होते असे कथेच्या काही आवृत्त्यांत म्हटलेले आढळते. वस्तुतः १८९५ साली ते साप्ताहिक होते. हा दोष किरकोळ वाटेल, पण मूळ अंक न पाहता वार्ता पुढे पुढे सांगितली गेल्याची ती खूण आहे. सातवळेकरांसारख्या विद्वानाने विमान काही मिनिटे उडाल्याचे लिहिल्याचा दाखलाही देण्यात येतो. तो ग्राह्य धरला, तरी उडालेली वस्तू केवढी, किती वजनाची आणि कोणत्या यंत्राची होती, हे त्यातून कळत नाही.

येथे प्रतिकृती बांधणाऱ्याचे साधे ज्ञान उपयोगी पडते. एक किलोग्रॅम वजन १,५०० फूट, म्हणजे सुमारे ४५७ मीटर, उचलण्यास केवळ उंचीपोटीच सुमारे ४,५०० ज्यूल कार्य करावे लागते. हवेचा रोध निराळा. दहा किलोग्रॅमचे यंत्र तीन मिनिटांत त्या उंचीस न्यावयाचे तर सतत २५० वॉट शक्ती फक्त चढण्यावर खर्ची पडेल आणि एकूण खर्च याच्या दुपटीतिपटीवर जाईल. ही शक्ती देणारे हलके इंजिन त्या काळी अशक्य होते असे नाही. अमेरिकेत सॅम्युएल लँगली याने ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे ११ किलोग्रॅमचे मनुष्यरहित यंत्र उडविले. त्यात सुमारे एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन होते आणि यंत्र सुमारे एक किलोमीटर गेले. दूरध्वनीचा जनक ग्रॅहॅम बेल तेथे हजर होता. त्याने छायाचित्र घेतले आणि आपली साक्ष प्रसिद्ध केली. यंत्र स्वतः जतन झाले. शिवाय बिनतारी नियंत्रण नसलेल्या यंत्रास स्वतःचा तोल स्वतःच सांभाळावा लागतो. पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ सालीच, शेपूट पंखाहून कमी कोनात ठेवली असता हा तोल कसा साधतो, हे रबराच्या पिळावर चालणाऱ्या लहान विमानाने दाखविले होते. सारांश, १८९५ साली मुंबईत एखाद्या हुन्नरी माणसाने मनुष्यरहित विमान उडविणे कल्पनेच्या पलीकडचे नव्हते. परंतु पाऱ्यापासून ढकलणारी शक्ती कशी निर्माण झाली, पंख केवढे होते, तोल कशाने राहिला, यांपैकी एकाही प्रश्नास कथेत उत्तर नाही. ज्या लोकांनी तळपद्यांचा गौरव करण्याच्या हौसेने कथेला उंची, प्रेक्षक आणि पारा जोडला, त्यांनी त्यांचे नुकसानच केले आहे असे म्हणावे लागते. एक कलाशिक्षक बांबू आणि कापड घेऊन कशाशी झगडत होता, ही मूळची कितीतरी मनोवेधक हकीकत त्या भाराखाली दडपून गेली. पंखाच्या एखाद्या फासळीचे जरी त्यांच्या हातचे रेखाचित्र मिळते, तरी ते बांधून पाहता आले असते.

आराखडा हरवला म्हणून दुसरा आराखडा त्याच्या जागी आणून बसविण्याचा प्रकारही झाला आहे. ‘वैमानिक शास्त्र’ हा भरद्वाजांच्या नावावर सांगितला जाणारा संस्कृत ग्रंथ तळपद्यांच्या विमानाचा आधार होता, असे पुष्कळदा लिहिले जाते. हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवून घेतला. त्यातील चित्रे एल्लप्पा नावाच्या बंगळूरच्या आरेखकाने १९२३ च्या सुमारास काढली. हिंदी आवृत्ती १९५९ साली आणि इंग्रजी भाषांतर १९७३ साली निघाले. १८९५ साली या ग्रंथाचे लिखित रूप अस्तित्वात नव्हते, आणि चित्रे तयार झाली तेव्हा तळपदे निवर्तून सात वर्षे झाली होती. कालगणनेपुरता हा वाद एवढ्यातच मिटतो. तरीही २०१५ साली मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राचीन विमानांचा विषय याच ग्रंथाच्या आधारे पुन्हा मांडला गेला.

चित्रांची परीक्षा याहून आधी झाली होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि त्यांचे चार सहकारी यांनी १९७४ साली ग्रंथातील शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर या चार विमानांचा वैमानिकी अभियांत्रिकीच्या दृष्टीने अभ्यास प्रसिद्ध केला. भाषा अर्वाचीन, चित्रे मजकुराशी विसंगत, आणि वर्णिलेली याने उडण्यास असमर्थ, असा त्यांचा निष्कर्ष होता. लायसँडरचा आराखडा जवळ ठेवून ही चित्रे पाहिली असता हा निष्कर्ष अभियंता नसलेल्या वाचकासही समजतो. शकुनास पंख आणि शेपूट आहे, परंतु तो पक्ष्याचा देखावा आहे. रुक्म हा मजल्यामजल्यांनी चढत जाणारा शंकू आहे. नळ्या, दांडे आणि दंतचक्रे यांना नावे आहेत. पण बोटे कोठे टेकवावयाची ती खूण कोठेच नाही.

त्या दंतचक्रांचे आणि दांड्यांचे आरेखन मात्र सफाईदार असून त्यांत अर्वाचीन यंत्रांचा परिचय स्पष्ट दिसतो. याचे कारणही १९७४ च्या अभ्यासकांनी दिले आहे : एल्लप्पा हे बंगळूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आरेखनाचे काम करीत, आणि तेथील यंत्रे त्यांच्या नित्य पाहण्यातली होती.